एक डोकं, चार मशिनं

दुकानात त्याला सगळे बगळा म्हणत, आणि ते नाव त्याला मनापासून आवडायचं. दुकान चांगलं पाच मजल्यांचं. खाली साबण-अत्तरं, वर कपडे, त्याच्यावर भांडीकुंडी, असं चढत चढत खेळण्यांपर्यंत. त्यात बगळ्याचं काम एकच. साधे कपडे घालून गिऱ्हाइकांत मिसळायचं आणि कोण काय खिशात सारतंय ते बघायचं. एखादा टॉवेल हातात घेऊन, त्याच्या किमतीची चिठ्ठी वाचतोय असं दाखवत तो इतका वेळ निश्चल उभा राही, की एकदा एका बाईने त्याला कपड्यांचा पुतळा समजून त्याच्या कोटाचं कापड चाचपून पाहिलं होतं. नवीन माणूस कामावर आला की बगळा त्याला सांगायचा, "हातांकडे बघू नकोस. हात शेवटी हलतात. आधी मान हलते. चोर वस्तूकडे बघत नाही, आजूबाजूच्या माणसांकडे बघतो."

असा माणूस निवृत्त झाला की त्याचं काय होतं? दुकान सुटलं, नजर सुटली नाही. ती घरी आली, जिन्यात बसली, खिडकीत उभी राहिली. खालच्या मजल्यावरचं जोडपं आपण दिसलो की आवाज बारीक करतं, हे बगळ्याच्या लक्षात आलं. पाववाला सुटे देताना काहीतरी पुटपुटतो, हेही आलं. बायको स्वयंपाकघरातून त्याच्याशी बोलता बोलता वाक्याची शेपटी गिळायला लागली होती.

"नीट बोल की. तोंडातल्या तोंडात काय?"

"नीटच बोलतेय हो," ती दारात येऊन म्हणे. "भाजी आणाल का, एवढंच विचारलं."

एवढंच विचारलं असेल तर ते सांगायला दारात कशाला यायचं, असं बगळ्याच्या मनात येई. बायको फोनवर तिच्या बहिणीशी बोलायची तेव्हा तर हमखास पाठ फिरवायची. पाठ फिरवणं म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

तर अशा दिवसांत बायकोने एक बातमी आणली. मोठ्या इस्पितळात मेंदूवर संशोधन चालू आहे, त्यासाठी निरोगी, वय झालेली माणसं हवी आहेत. एमआरआयच्या मशीनमध्ये पडून राहायचं, बास. सुई नाही, औषध नाही.

"निरोगी माणसाचा मेंदू त्यांना कशाला हवा?" बगळ्याने विचारलं.

"आजारी माणसाशी ताडून बघायला. जा की. घरात बसून तरी काय करता?"

ती इतक्या सहज म्हणाली, की बगळ्याने मनात नोंद केली. इतकं सहज कुणी उगाच बोलत नाही. पण तो गेला. कोण काय लपवतंय ते बघायचं तर आत शिरावं लागतं, हा त्याचा जुना हिशोब.

संशोधन करणारी बाई त्याला पहिल्या भेटीत आवडली, हीच खरी अडचण झाली. चाळिशीची, केस कसेतरी वर बांधलेले, बोटांना पेनाची शाई. ती भराभर बोलायची आणि बोलताना सारखी कॉम्प्युटरकडे वळायची, त्यामुळे तिचं निम्मं बोलणं पडद्यालाच ऐकू जात असावं. तिला सारखं थांबवणं बरं दिसेना, म्हणून बगळा प्रत्येक वाक्याला "बरं" म्हणाला. सही करण्याआधी मात्र त्याने कागद दोनदा वाचला. त्यात "तुलनेसाठी पुन्हा बोलावले जाऊ शकते" असं होतं. तुलना कशाशी, ते नव्हतं. तिथे त्याने मनातल्या मनात बोट ठेवलं.

मशीन चालवणारा तंत्रज्ञ धिप्पाड आणि गप्पिष्ट होता. त्याने पट्टा, घड्याळ, किल्ल्या, सुटी नाणी सगळं काढून एका डब्यात ठेवायला लावलं. बगळ्याने डब्याच्या कुलपाची चावी आपल्याकडे मागितली.

"काका, चावीसुद्धा लोखंडाचीच आहे," तंत्रज्ञ हसून म्हणाला. "ती आत आली तर मशीन हातातून खेचून घेईल."

कानांत मऊ बोळे, डोक्याभोवती पिंजऱ्यासारखं काहीतरी, आणि मग फळी सरकत बोगद्यात. हलायचं नाही, असं तंत्रज्ञाने बजावलं. बगळ्याला हसू आलं. छाताडावर हात ठेवून तो पडून राहिला, आणि बाहेर आला तेव्हा काचेपलीकडे ती बाई आणि तंत्रज्ञ पडद्याकडे बोट दाखवत एकमेकांकडे बघत होते. बगळ्याने त्यांच्या माना पाहिल्या. दोघांच्याही माना एकाच वेळी त्याच्याकडे वळल्या, आणि दोघेही हसले.

काहीतरी सापडलंय, हे त्याने तिथेच ओळखलं.

थोड्याच दिवसांत पुन्हा बोलावणं आलं. या वेळी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इस्पितळात, दुसऱ्या मशीनवर. मग तिसऱ्यांदा, विद्यापीठाच्या तळघरात, जिथलं मशीन इतकं नवं होतं की त्याला रंगाचा वास येत होता. प्रत्येक ठिकाणी ती बाई आणि तोच तंत्रज्ञ हजर.

"सगळं ठीक आहे ना?" त्याने तिसऱ्या वेळी विचारलं.

"ठीक?" तिचा चेहरा उजळला. "काका, तुमच्यासारखं डोकं शोधून सापडत नाही!"

त्या वाक्याने बगळ्याची भूक गेली. दुकानात एखाद्या माणसाकडे एकदा बघणं म्हणजे काहीच नाही. दुसऱ्यांदा बघावं लागलं तर शंका. तिसऱ्यांदा बघायला मजला बदलून जावं लागलं तर खात्री. आपल्या डोक्यात असं काहीतरी आहे जे एका मशीनला पटलं नाही, दुसऱ्यालाही पटलं नाही, म्हणून हे लोक तिसरं धुंडाळतायत. आणि आपल्याला कुणी काही सांगत नाही.

घरी आला तर बायको बहिणीशी फोनवर. त्याची चाहूल लागताच तिने आवाज खाली घेतला. त्याला दोनच शब्द मिळाले, "डोकं" आणि "सांगू नकोस".

म्हणजे हिलाही ठाऊक आहे!

बगळ्याने त्या दिवसापासून आवराआवर सुरू केली. बायकोला न्हाणीघराचा गळका नळ कसा आवळायचा ते शिकवलं. फ्यूज कुठला, वीज गेली तर कुठलं बटण वर करायचं, ते दोनदा करून घेतलं. माळ्यावरच्या जुन्या बुटांचा ढीग बाहेर काढून देऊन टाकला. लग्न झाल्यापासून या माणसाने कधी नळाला हात लावला नव्हता, तो आता पाना घेऊन आपल्याला शिकवतोय, हे बायकोला काही केल्या पटेना. हे कुठे निघालेत? काय चाललंय यांच्या मनात? ती त्याच्याकडे चोरून बघायला लागली. तो तिच्याकडे चोरून बघतच होता. एका टेबलावर समोरासमोर बसून दोघं चहा प्यायची, आणि कप खाली ठेवताना दोघांचेही डोळे कपाच्या कडेवरून पलीकडे.

शेवटी बगळ्याने आपली जुनी विद्या बाहेर काढली. इस्पितळाच्या उपाहारगृहात ती बाई दुपारी जेवायला येते, हे त्याने हेरून ठेवलं होतं. तो आधीच जाऊन एका जाड खांबामागे बसला. समोर वर्तमानपत्र. बाई आली, तिच्याबरोबर तंत्रज्ञ. थाळ्या ठेवल्या, खुर्च्या ओढल्या. चमच्यांच्या आवाजात बरंचसं बुडून गेलं. बगळ्याने मान न हलवता कान नेता येतील तेवढे पुढे नेले.

"... काकांचं डोकं ..." बाई म्हणाली. मग काहीतरी बुडालं. मग, "फार म्हातारं झालंय."

तंत्रज्ञ काहीतरी म्हणाला.

"वर्ष काढेल असं वाटत नाही मला," बाई म्हणाली. "मध्येच बंद पडलं तर आपली सगळी मेहनत पाण्यात."

वर्तमानपत्राचं पान बगळ्याने उलटलं नाही. चहा तसाच राहिला. आपल्या मरणापेक्षा यांना यांच्या मेहनतीची चिंता, हे त्याला जास्त झोंबलं. इतकी वर्षं त्याने माणसं पकडली होती, पण पकडल्यावर प्रत्येकाला आधी खुर्ची दिली होती, पाणी दिलं होतं, आणि मगच काय ते सांगितलं होतं. सांगायला हवं. माणसाला तोंडावर सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ठेवणीतला कोट घालून निघाला. बायकोला म्हणाला, "जरा जाऊन येतो." कुठे ते सांगितलं नाही. बायकोने दाराशी उभं राहून पाच पावलं जाऊ दिली, पायात चपला अडकवल्या आणि ती त्याच्या मागे निघाली. त्याच बसमध्ये, मागच्या दाराने. इस्पितळाच्या त्याच फाटकातून. ती आयुष्यभर त्याच दुकानाच्या गल्ल्यावर बसलेली बाई, तिला पाळत ठेवायचं काय ठाऊक? दडावं कसं तेही कळत नव्हतं, म्हणून ती सरळ त्याच्या मागून चालत होती. जिन्यात तर तिला राहवलं नाही आणि तिने हाक मारली. तो थांबला नाही. तिने पुन्हा मारली, मोठ्याने. वरून उतरणारी एक परिचारिका वळून बघायला लागली, पण हा आपला चढतोच आहे, आणि वरच्या वळणावर तो दिसेनासा झाला.

संशोधन करणाऱ्या बाईच्या खोलीचं दार उघडंच होतं. बगळा आत शिरला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "किती दिवस उरलेत माझे?"

बाईने मान वर केली. "कसले दिवस?"

"लपवू नका. काल मी ऐकलंय. काकांचं डोकं म्हातारं झालंय. वर्ष काढणार नाही. मी त्या खांबामागेच बसलो होतो."

 बाईने तोंडावर हात धरला, आणि हात काढल्यावर तिला हसावं की माफी मागावी ते कळेना. "अहो काका, मशीन! मशीन म्हातारं झालंय! काकांचं डोकं एकदा त्या जुन्या मशीनमध्ये घालून घेऊ या, असं म्हणत होते मी. नदीपलीकडच्या इस्पितळातलं ते चौथं मशीन. ते भंगारात निघायच्या बेतात आहे."

"मग मला इतक्या वेळा का बोलावलं?"

"ते तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही बरं म्हणालात."

"मी तुमच्या प्रत्येक वाक्याला बरं म्हणालो," बगळा म्हणाला.

बाईने त्याला खुर्ची दिली आणि पडदा त्याच्याकडे फिरवला. काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत दोऱ्यांचा एक गुंता उगवला. लाल, हिरवे, निळे दोरे, कुठे पंख्यासारखे उघडलेले, कुठे जुडी बांधल्यासारखे.

"हे तुमचं डोकं. मेंदूत आतल्या बाजूला पांढरा भाग असतो, तिथून तारांच्या जुड्या जातात. त्या तारा आपल्याला दिसत नाहीत. पण मेंदूत पाणी असतं, आणि पाण्याचे कण सारखे हलत असतात. तारेच्या लांबीने ते सहज सरकतात, आडवं जायला त्यांना अडतं. मशीन ते हलणं मोजतं, आणि त्यावरून आम्ही म्हणतो की इथून तार जात असावी. डावी-उजवीकडे जाणारी लाल, मागे-पुढे जाणारी हिरवी, वर-खाली जाणारी निळी."

"असावी?"

"असावी. फोटो नाही हा, गणित आहे. जिथे दोन जुड्या एकमेकींना छेदून जातात तिथे गणित फसतं. नसलेली वाट दाखवतं, असलेली गिळतं. मला हे चित्र जितकं सुंदर दिसतं तितका त्याचा संशय येतो. संशय घेण्याचाच पगार मिळतो मला."

बगळा पहिल्यांदाच खुर्चीत नीट मागे टेकून बसला.

"आणि त्याहून वाईट म्हणजे," ती पुढे सांगत होती, "एकच डोकं चार मशिनांत घातलं की चार वेगळे आकडे येतात. चार शिंप्यांकडे एकच माणूस पाठवा. चौघांनी कंबर वेगळी मोजली तर माणूस बदलला की टेप? चार इस्पितळांतले रोगी एकत्र धरून काही म्हणायचं, तर आधी टेप तपासायला हवी. म्हणून एक असा माणूस हवा जो चारही मशिनांत जाईल, आणि मुळीच हलणार नाही. एवढंसं हललं तरी आकडे बिघडतात. तुम्ही दगडासारखे पडता, काका."

"आणि माझ्या डोक्यात काही..."

"साधी चित्रं इथल्या डॉक्टरांनी पाहिली आहेत. काही दिसलं असतं तर तुम्हाला कळवणं त्यांना भागच होतं. तसं काही दिसलेलं नाही. यापलीकडचं मी सांगू शकत नाही. हे स्कॅन तपासणीचे नव्हेतच, आमच्या कामाचे आहेत."

तेवढ्यात दारात दोन माणसं दिसली. एक तंत्रज्ञ, आणि त्याच्या बाजूला धापा टाकणारी बायको.

"या बाई खाली तुम्हाला शोधत होत्या," तंत्रज्ञ म्हणाला.

"तू?" बगळा उठून उभा राहिला. "तू माझ्या मागावर होतीस?"

"मागावर कसली! जिन्यात दोनदा हाका मारल्या. अख्ख्या इस्पितळाने ऐकल्या."

बगळा गोंधळला. आपल्या मागून घरापासून इथवर कुणी चालत यावं आणि आपल्याला पत्ता लागू नये, ही गोष्ट त्याच्या डोक्यात मावेना.

तंत्रज्ञ वातावरण हलकं करायला म्हणाला, "काकांचं मला भारी कौतुक वाटतं. त्या आवाजात भलेभले दचकतात. कानांत बोळे असूनसुद्धा. पाण्याचं हलणं मोजणारा तो डिफ्यूजनचा स्कॅन म्हणजे फरशी फोडायचं यंत्र डोक्याशी लावल्यासारखं. आणि काका आपले शांत."

"कसला आवाज?" बगळ्याने विचारलं.

तंत्रज्ञाने मुठीने टेबलावर धडधड करून दाखवली.

"लांबून कुणी दार वाजवावं तशी टकटक होते थोडी," तो म्हणाला. "बरी वाटते. डोळा लागतो."

बाईने तंत्रज्ञाकडे पाहिलं. तंत्रज्ञ आठवत आठवत म्हणाला, "मी आतल्या फोनवरून दर वेळी विचारतो, काका ठीक आहात ना? तर कधी उत्तरच नसतं. मला वाटायचं, हलायचं नाही म्हणून हे बोलतसुद्धा नाहीत. छातीवरच्या हाताचा अंगठा वर दिसला की त्यालाच हो समजून मी पुढे जायचो." त्याचा चेहरा उतरला. "माझी चूक झाली ती. नीट विचारायला हवं होतं."

"काका," बाई सावकाश आणि त्याच्याकडे तोंड करून म्हणाली, "कान दाखवून घ्या."

परतीच्या बसला वेळ होता. थांब्यावरच्या बाकावर दोघं बसली. बायको बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग म्हणाली, "एक सांगू? इथे तुम्हाला मीच मुद्दाम पाठवलं."

"ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे? मला वाटत होतं तुमच्या डोक्यात बिघाड झालाय. शेजारी कुजबुजतात म्हणता, पाववाला पुटपुटतो म्हणता, माझ्यावर ओरडता. माझ्या मामांचं असंच सुरू झालं होतं. डॉक्टरकडे चला म्हटलं असतं तर तुम्ही घर डोक्यावर घेतलं असतं. म्हटलं, त्या मशीनमध्ये काही असलं तर आपोआप दिसेल. या बाईंना मी आधी फोनही केला होता. त्या म्हणाल्या, यातून तसलं काही कळत नाही. तरी पाठवलं."

बगळ्याला हे लागलं. आपल्याला वेड लागलंय असं हिला वाटलं, आणि ती ते पोटात ठेवून आपल्याला चहा देत राहिली. "संशय आला तर तोंडावर विचारायचं," तो घुश्शात म्हणाला.

"तुम्ही विचारलं होतं? मी गल्ल्यावर नवीन होते तेव्हा तीन आठवडे माझ्यासमोर टॉवेल घेऊन उभे होतात. शेवटी मीच येऊन विचारलं, काय चोरलंय मी?"

"तो संशय नव्हता," बगळा म्हणाला.

"मग काय होतं?"

त्याने बस येतेय का ते पाहिलं. एवढ्या वर्षांत ही गोष्ट तिला सांगायची राहून गेली होती, आणि आता या वयात बसथांब्यावर सांगायची त्याला लाज वाटली. पण बायकोने त्याच्याकडे पाहिलं, पदराचं टोक सोडलं, आणि ती दुसरीकडे बघत हसली. बस आली.

कानांच्या डॉक्टरने फार वेळ घेतला नाही. वयाने दोन्ही कान बरेच उतरले होते, इतक्या हळूहळू की माणसाला स्वतःला कळू नये. अर्धी वाक्यं कानात पडतात, उरलेली अर्धी मन भरून काढतं, असं डॉक्टर म्हणाला. बगळ्याने विचार केला, आपल्या मनाने इतकी वर्षं काय काय भरलं असेल!

कानात यंत्रं बसवून तो घरी आला तेव्हा आधी त्याला राग आला. नळ ठिबकत होता. तो त्यानेच आवळलेला. स्वतःच्या चपला इतक्या फटाफट वाजतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बायको स्वयंपाकघरातून बोलली आणि वाक्य शेपटीसकट आलं. तिने काहीच गिळलेलं नव्हतं. दोन दिवस तो तिच्याशी फार मऊ वागला.

मग एका दुपारी जिन्यात खालच्या मजल्यावरच्या जोडप्याचं बोलणं त्याच्या कानावर पडलं. तो कठड्याला टेकून उभा राहिला, जुन्या पद्धतीने. बोलणं सगळं ऐकू आलं. त्यांच्या न्हाणीघराच्या भिंतीला ओल आली होती. नवरा म्हणे प्लास्टर, बायको म्हणे नुसता रंग. बगळ्याबद्दल एक अक्षर नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्या आठवड्यात त्याने बरंच ऐकलं, आणि त्याच्या लक्षात आलं की इमारतीत त्याच्याबद्दल कुणी कधी काही बोलतच नाही. हे पचायला त्याला कुजबुजीपेक्षा जड गेलं.

चौथ्या मशीनची पाळी आली. नदीपलीकडचं इस्पितळ, भिंतीचे पोपडे निघालेली खोली, आणि मध्ये ते पिवळट पडलेलं मशीन, अरुंद तोंडाचं. बगळ्याने कानांतली यंत्रं काढून डब्यात ठेवली. तंत्रज्ञाने या वेळी त्याच्या हातात एक रबरी फुगा दिला आणि समोर उभं राहून, ओठ नीट हलवत सांगितलं, "मी दिवा लावला की हा दाबायचा. दाबला नाहीत तर मी मशीन थांबवणार." बगळ्याने प्रत्येक दिव्याला फुगा दाबला. म्हाताऱ्या मशीननेही मध्येच दम सोडला नाही.

बाहेर आल्यावर बाईने चारही मशिनांचे आकडे त्याला दाखवले. आधी चार रेघा चार दिशांना फाकलेल्या. मग तिने त्यांची दुरुस्ती लावली, आणि रेघा एकमेकींवर येऊन बसल्या. फक्त एका जागी एक रेघ हट्टाने वेगळी राहिली.

"हे काय?"

"माहीत नाही," बाई म्हणाली. "कदाचित मशीन. कदाचित माझी दुरुस्ती. एका डोक्यावरून ठरवता यायचं नाही. अजून दोन माणसं शोधतेय. मला त्या बाकीच्या जुळलेल्यांचाही भरवसा वाटत नाही अजून."

बगळ्याला ती फार शहाणी वाटली. निरोप घेताना त्याने विचारलं, "या कानातल्या यंत्रांचं काय हो? आपण बोलतो ते ही कुणाला कळवत तर नसतील?"

"विचारायला हवं," बाई हसली नाही. "खोक्यावर कंपनीचा नंबर असेल."

परत येताना बसमध्ये त्याच्या मागच्या बाकावर दोन बहिणी बसल्या होत्या. तिसऱ्या बहिणीने आईचा शिवणयंत्राचा टेबल न विचारता नेला होता, आणि त्यावरून घरात काय रामायण झालं ते मोठी धाकटीला सांगत होती. बगळा खिडकीबाहेर बघत, मान न हलवता, शब्द न् शब्द ऐकत राहिला. त्याचा थांबा आला आणि गेला. टेबल शेवटी कुणाकडे राहिला, ते ऐकून झाल्यावरच तो उतरला आणि उन्हातून मागे चालत आला.

"इतका उशीर?" बायकोने दार उघडत विचारलं. "कुठे होतात?"

"एक टेबल होता," तो म्हणाला, "शिवणयंत्राचा."

बायकोने त्याच्या हातांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, आणि दारातून बाजूला न होता म्हणाली, "कुणाचा टेबल?"